वाचक नसलेलं लेखन

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत राहिले. संयोजकांनी मला विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा नवं शैक्षणिक धोरण, मातृभाषेतून शिक्षण असे भारदस्त विषय सुचवणारे पुष्कळ भेटले. मी विषय घेतला तो शाळेतल्या कागदांचा. मी सेवेत होतो तेव्हा आणि आता निवृत्त झाल्यावरही पाहतो, की चार शिक्षक एकत्र आले म्हणजे धोरणावर फारसं कुणी बोलत नाही. बोलणं होतं ते माहितीवर. "माहिती पाठवलीत का?" कुणी कुणाचं क्षेमकुशल विचारण्याआधी हे विचारलं जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी कागदाच्या विरोधात बोलायला उभा नाही. कागदावर रागावणं सोपं असतं, आणि त्यावर टाळ्याही मिळतात. पण ज्या समाजाने लिहून ठेवलं नाही त्याचं काय होतं, हे आपण मराठी माणसं चांगलं जाणतो, कारण आपण लिहून ठेवलं होतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद राहिले, म्हणून 1930 ते 1934 या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड काढू शकले. त्या कागदांतले बरेचसे अगदी साधे हिशेबाचे आहेत. कुठल्या मुक्कामी किती दाणावैरण लागली, कुणाला किती देणं झालं. लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितो आहोत असं वाटलं नसेल. त्याला धन्याला हिशेब द्यायचा होता, आणि तो हिशेब वाचला जाणार याची त्याला खात्री होती.

शाळेतही असा एक कागद आहे. जनरल रजिस्टर. ज्यांनी ते हाताळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबट, जाड, कापडी पाठीचं पुस्तक. एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. खाडाखोड चालत नाही. चुकलंच तर लाल शाईने दुरुस्ती करून मुख्याध्यापकाची सही. गुरुजींच्या हातचं जनरल रजिस्टर मी पाहिलं आहे. "कारण" या रकान्यात "आईवडील ऊसतोडीस गेले" असं एकाखाली एक लिहिलेलं आहे, आणि ते वाचताना त्या गावाची दशा डोळ्यांपुढे उभी राहते. जनरल रजिस्टर लिहायला लागतं म्हणून कुरकुर करणारा शिक्षक मला आजवर भेटलेला नाही. कारण त्या पुस्तकाला वाचक आहे. पन्नास वर्षांनी एखादा म्हातारा येतो, त्याला पेन्शनीसाठी जन्मतारीख हवी असते. एखादी मुलगी येते, तिला जात पडताळणीसाठी आजोबांचा उतारा हवा असतो. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा महसुली कागदांबरोबर जुन्या शाळांची रजिस्टरंही धुंडाळली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. त्या आरक्षणाच्या वादात मला आज शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं, की गेल्या शतकात कुण्या मास्तराने बोरूने लिहिलेली एक ओळ आज सबंध कुटुंबाचं भवितव्य ठरवते आहे.

आणि काल दुपारी तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाने गुगल शीटमध्ये जी ओळ भरली, ती आज कुणाला हवी आहे?

माझं आजचं म्हणणं या प्रश्नात आहे. लिहायला लागतं याचा माणसाला त्रास होत नाही. कुणी वाचणार नाही हे माहीत असताना लिहायला लागतं, याचा होतो.

हे असं कसं झालं ते पाहायला थोडं मागे जाऊ. जॉन स्टुअर्ट मिल हे नाव तुम्हाला स्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानामुळे माहीत असेल. हा तत्त्वज्ञ पोटापाण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरी करत होता, 1823 पासून 1858 पर्यंत. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांशी चालणाऱ्या व्यवहाराचे खलिते तो तयार करायचा. हिंदुस्थानात मात्र तो एकदाही आला नाही. 1852 साली ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली, तेव्हा कंपनी सरकारचं वैशिष्ट्य म्हणून त्याने हेच सांगितलं, की या देशाचा कारभार सगळा लेखी चालतो आणि प्रत्येक हुकमाची, प्रत्येक कृतीची कारणांसकट नोंद लंडनला येते. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. राज्य करणारे जहाजाच्या प्रवासाने काही महिने लांब बसलेले. त्यांना पाहायला जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद मागवले. गोष्ट रास्त होती.

पुढे पाहायला जाणं शक्य झालं, तरी कागद मागवणं चालूच राहिलं. आपल्या सगळ्या सरकारी कामकाजाची गोम मला इथे दिसते. तालुक्याच्या गावाहून माझी शाळा मोटारसायकलने अर्ध्या तासाच्या आत यायची. पण पंचायत समितीतून तिच्याकडे बघण्याची तऱ्हा अशी, की जणू मधे सातासमुद्राचं पाणी आहे.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळांच्या देखरेखीबद्दल तक्रार आहे, आणि ती आजच्या शिक्षकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येतो, त्याचा उपयोग होत नाही, शाळा निदान तीन महिन्यांतून एकदा तपासायला हव्यात, असं जोतीरावांचं म्हणणं. म्हणजे त्यांना देखरेख जास्त हवी होती, कमी नको होती. पण ती त्यांनी मागितली पायांनी चालत येणाऱ्या माणसाकडून. आपण त्यांची मागणी मान्य केली, फक्त माणसाच्या जागी तक्ता पाठवला.

आता शाळेत येऊ. ही शाळा कुठलीही समजा. पहिली ते पाचवी, पटावर 50 मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या मापाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला दीडशेच्या वर पट लागतो, तेव्हा दोघांतला जो ज्येष्ठ तो प्रभारी. कारकून नाही, शिपाई नाही. प्रभारीकडे तीन वर्ग, मुख्याध्यापकी, रोजकीर्द, जडवस्तू संग्रह नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, आणि पोषण आहार.

अकराच्या सुमाराला व्हॉट्सअ‍ॅपवर केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपमध्ये संदेश पडतो. "अतितात्काळ. सोबतच्या लिंकमध्ये माहिती दुपारी 2 पर्यंत भरावी. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील." माहिती काय, तर शाळेत किती मुलं, किती मुली, जातसंवर्गनिहाय. हीच माहिती यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत आहे. राज्याच्या सरल प्रणालीतही आहे. गेल्या महिन्यात वेगळ्या नमुन्यात दिलेली आहे, त्या वेळी रकाने आडवे होते, या वेळी उभे आहेत. मास्तर तिसरीचा हातच्याचा गुणाकार फळ्यावर अर्धा टाकून फोन घेऊन शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली जातात, कारण तिथेच रेंज मिळते. तीनच्या सुमाराला पुढचा संदेश. ज्या शाळांनी माहिती भरली नाही त्यांची यादी, लाल अक्षरांत. यादीत भरलेल्यांचीही नावं असतात. शीट एकाच वेळी सगळे भरत असतात, कुणीतरी कुणाची ओळ पुसून टाकतं.

आणि ऑनलाइन भरली म्हणून सुटका होईल असं कुणाला वाटत असेल तर थांबा. "भरलेल्या माहितीची प्रत सही-शिक्क्यासह दोन प्रतींत केंद्रात जमा करावी." कागदविरहित कारभाराची घोषणा झाली तेव्हा आम्ही आनंदलो होतो. प्रत्यक्षात कागद राहिला आणि त्याच्या जोडीला पडदा आला. प्रिंट काढायला तालुक्याला जावं लागतं, आणि तिचे पैसे मास्तरांच्या खिशातून.

आता पोषण आहाराची नोंदवही जरा जवळून बघा. माझ्या मते आपल्या कागदी कारभाराचा तो सगळ्यात बोलका नमुना आहे. नियम असा, की पहिली ते पाचवीच्या मुलामागे दर दिवशी तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. आज 42 मुलं हजर असतील तर तांदूळ 4 किलो 200 ग्रॅम, डाळ 840 ग्रॅम, तेल 210 ग्रॅम. आरंभीची शिल्लक, आजचा खर्च, अखेरची शिल्लक. रोज. गणित चोख आहे. पण जेवणारी मुलं खरी असतात. पहिलीतलं पोर मूठभर खातं, पाचवीतला दोनदा वाढून घेतो. सोमवारी मुलं जास्त खातात. का, ते ज्यांनी गावं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. खिचडी शिजवणारी ताई डोळ्याच्या अंदाजाने तांदूळ घेते. तिचा अंदाज नियमापेक्षा बरा असतो, कारण ती पोरांचे चेहरे बघून घेते. तांदूळ तिने घेतला तेवढा जातो, नोंद मात्र गुणाकाराची होते. शिवाय पोत्यावर 50 किलो छापलेलं असतं, आत भरतं तेवढंच असं नाही. उंदीर खातो, टोका पडतो. नोंदवहीत उंदराला रकाना नाही.

मग महिनाअखेर काय होतं? जुळवाजुळव. प्रामाणिक मास्तरही ती करतो. प्रामाणिक मास्तर जास्त मन लावून करतो, कारण त्याला भीती असते. नोंदवही ग्रॅमपर्यंत अचूक होते आणि शाळेत घडलेलं त्यात कुठेच नसतं. तपासायला आलेला माणूस गुणाकार बरोबर आहे का ते बघतो, बेरीज मारतो, "तपासले" असं लिहून सही करतो. खिचडी चाखून बघणारा अधिकारी मी पाहिला आहे. एक पाहिला. त्याने ताईला विचारलं, की मुलांना काय आवडतं. त्या दिवशी ताई जेवढं बोलली तेवढं त्या नोंदवहीच्या कुठल्याही पानाने कधी सांगितलं नसतं.

दुसरा नमुना मूल्यमापनाचा. 2010 साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती, हे मी आजही म्हणतो. मुलाला नुसते गुण देऊ नका, त्याच्याविषयी चार वाक्यं लिहा. "विशेष प्रगती", "आवड, छंद", "सुधारणा आवश्यक". शिक्षकाने मुलाकडे नीट पाहावं, म्हणून योजलेले हे रकाने. पण प्रत्येक मूल, प्रत्येक विषय, प्रत्येक सत्र असा हिशेब केला तर दोन शिक्षकांनी लिहायची वाक्यं किती झाली बघा. बाजाराने ही अडचण ताबडतोब ओळखली. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं निघाली, मग पीडीएफ फिरू लागल्या. "कविता तालासुरात म्हणतो." "दैनंदिन व्यवहारात गणिताचा उपयोग करतो." "मित्रांना मदत करतो." विषयवार, इयत्तावार. उतरवून काढायची. एका प्रगतिपुस्तकात मी वाचलं होतं, "संभाषणात उत्साहाने सहभागी होते." ती मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडून बोलली नव्हती. तिच्या बाई वाईट नव्हत्या. बाईंना तिच्याबद्दल तासभर सांगता आलं असतं, ती का बोलत नाही हेही बाईंना ठाऊक होतं. पण ते लिहायला जागाही नव्हती आणि वाचायला कुणी नव्हतं. तपासणीला येणारे विचारत, नोंदी पूर्ण आहेत का? आहेत. झालं.

इथे कुणी उठून म्हणेल, आणि म्हणावंच, की गुरुजी, तुम्ही शिक्षकांची बाजू फार गोड करून सांगताय. हे कागद उगाच आले का? लोकांनी लबाड्या केल्या म्हणून आले. खरं आहे. ऑक्टोबर 2011 मधली पटपडताळणी आठवा. 3 ते 5 ऑक्टोबर, सगळ्या राज्यात एकदम. महसूल खात्याची माणसं शाळाशाळांत गेली, मुलं मोजली, एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून बोटाला शाई लावली. आणि लाखोंनी मुलं केवळ पटावर असल्याचं निघालं. त्यांच्या नावाने तुकड्या, तुकड्यांच्या नावाने शिक्षक, शिक्षकांच्या नावाने पगार. शिक्षणक्षेत्राची मान खाली जावी असाच तो प्रकार होता.

पण त्यातून शिकायचं ते आपण उलटं शिकलो. ती बोगस मुलं पकडली कुणी? हजेरीपत्रकं त्यांची होतीच, आणि ती व्यवस्थित होती. कॅटलॉगात नावं होती, मासिक पत्रकं वेळेवर जात होती, तपासणीचे शेरे बरे होते. कागदाच्या बाजूने ती मुलं खऱ्या मुलांपेक्षा जास्त नियमित होती. लबाडी उघडी पडली ती तीन दिवस माणसं शाळेत गेली आणि त्यांनी डोकी मोजली तेव्हा. यातून निघणारा धडा असा होता, की अधूनमधून, न सांगता, जाऊन बघा. फुल्यांचं म्हणणं. आपण काय केलं? आणखी पत्रकं वाढवली. 2015 मध्ये सरल आलं, मग आधार जोडणी आली, मग आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यांचा मेळ घालणं आलं. "सोनाली" आणि "सोनली" या दोन मुली नसून एकच आहे, हे सिद्ध करण्यासाठी पालकाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. लबाड माणसाला कागदाचं भय नसतं. कागद हे तर त्याचं हत्यार. चार रकाने वाढवले तर तो चार खोट्या गोष्टी जास्त लिहील. मरतो तो सरळ माणूस, कारण त्याला प्रत्येक रकाना खराच भरायचा असतो.

तर मग ही मागणी थांबत का नाही? पार्किन्सनचा नियम तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. 1955 साली पार्किन्सनने लिहिलं, की हातात जितका वेळ असेल तितकं काम पसरतं, आणि अधिकारी एकमेकांसाठी काम निर्माण करतात. ब्रिटिश नौदलाचा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. 1914 साली मोठी लढाऊ जहाजं 62 होती, 1928 साली 20 उरली, आणि नौदलाच्या कचेरीतले अधिकारी 2,000 वरून 3,569 झाले. मजेशीर आहे. पण आपला आजार त्याहून निराळा आहे असं मला वाटतं. पार्किन्सनचे साहेब निदान एकमेकांना कामाला लावत होते. आपल्याकडचं काम उताराने खाली येतं आणि जो कचेरीतला माणूसच नाही त्याच्या अंगावर पडतं. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, आरोग्य उपकेंद्रातली नर्स. यांच्यासमोर मूल असतं, बाळंतीण असते. यांच्या खाली कुणी नाही, म्हणून ते काम इथे येऊन थांबतं.

आणि वरून मागणाऱ्याला ते फुकट पडतं. एक संदेश टाकायला त्याला अर्धं मिनिट लागतं. तो संदेश तालुक्यातल्या शेदीडशे शाळांत जातो, प्रत्येक ठिकाणी तासभर खातो. पण त्या तासांचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात पडत नाही. टाचणीचा डबा घ्यायचा झाला तर मागणीपत्र लागतं. शिक्षकाचा तास मागायला काहीच लागत नाही. जे फुकट मिळतं ते माणूस साठवून ठेवतो, "असू दे, लागलं तर" म्हणून. आपल्या कचेऱ्यांतली निम्मी माहिती ही "असू दे, लागलं तर" या जातीची आहे.

अंगणवाडीचं उदाहरण घ्या. सेविकांकडे एके काळी 11 रजिस्टरं होती. मग मोबाइल आले, पोषण ट्रॅकर नावाचं अ‍ॅप आलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते सरकारी मोबाइल कचेऱ्यांवर नेऊन परत केले. फोन चालत नव्हते, तापत होते, आणि अ‍ॅप इंग्रजीत. काम करायला नकार देणारे संप आपण पाहिले आहेत. कामाच्या आड येणारं अवजार परत करणारं हे आंदोलन होतं. त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. बायकांची चळवळ, त्यातून मानधनावरच्या.

कायदे आपल्याकडे नाहीत असं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. 2024 साली राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णयही काढला. एका तरुण शिक्षकाने मला विचारलं, "सर, या निर्णयाच्या अंमलबजावणीचा अहवाल कोणत्या नमुन्यात पाठवायचा?" तो चेष्टा करत होता की काय ते मला अजून कळलेलं नाही. गंमत अशी, की माहिती भरणं हे अशैक्षणिक काम कुणाला वाटतच नाही. शाळेची माहिती शाळेने द्यायची, त्यात गैर काय? म्हणून ते 27 व्या कलमाच्या फटीतून सुटतं.

2005 चा आणखी एक कायदा आहे. नाव लांबलचक, शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कर्तव्य पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. त्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. चांगला कायदा आहे, लोकांनी तो जास्त वापरायला हवा. पण तो वर गेलेल्या कागदाला लागू. खाली मागितलेल्या कागदाला कसलीच मर्यादा नाही. शिक्षकाच्या वैद्यकीय बिलाला सात दिवसांची मुदत आहे, आणि ती किती पाळली जाते ते इथे बसलेल्यांना विचारा. त्याच शिक्षकाने द्यायच्या माहितीला दुपारी दोनची मुदत आहे, आणि ती पाळली जाते.

प्रशासनात या गोष्टींची जाण असलेली माणसं झाली नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेऱ्यांची मांडणी, दप्तराची लावणी बदलून दाखवली. लखिना पॅटर्न असं त्याचं नाव पडलं. कारकुनाच्या टेबलाची सहा गठ्ठे पद्धत आजही शिकवली जाते. चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिक पत्रकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. अभिलेखांचे वर्ग आहेत. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग 30 वर्षं, आणि खाली उतरत उतरत ड वर्ग एका वर्षाने फाडून टाकायचा. मला हा सहावा गठ्ठा फार आवडतो. सरकारने स्वतःच कबूल केलं आहे, की काही कागद मरायलाच जन्माला येतात.

माझं म्हणणं एवढंच, की हा विचार कागद मेल्यावर होतो तो जन्माआधी व्हावा. माहिती मागणाऱ्या प्रत्येक पत्रावर, संदेशावर, लिंकवर तीन गोष्टी लिहाव्या लागतील असा नियम करा. ही माहिती कोण वाचणार आहे, हुद्द्यासकट. तिच्यावरून कोणता निर्णय व्हायचा आहे. आणि ती आपल्याकडे आधीपासून नाही, हे कुणी तपासलं. तिसऱ्याखाली सही. बघा, निम्मे संदेश टाइप होता होता थांबतील. अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा, एका शाळेत बसून, स्वतःच्या फोनवरून, त्याच कडुलिंबाखाली उभं राहून, आपणच पाठवलेला तक्ता भरावा, असंही मला वाटतं. पण हे जरा शिक्षेसारखं वाटेल, म्हणून आग्रह धरत नाही.

अधिकाऱ्यांची बाजू मी ऐकलेली आहे. "वरून मागतात." गटशिक्षणाधिकाऱ्याला जिल्हा मागतो, जिल्ह्याला संचालनालय, संचालनालयाला मंत्रालय. अधिवेशन चालू असलं म्हणजे तारांकित प्रश्न असतो. तारांकित प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. लोकप्रतिनिधीने विचारलं तर त्या माहितीला वाचक आहे, तिच्यासाठी वर्ग अर्धा तास सोडायला मी तयार आहे. पण गेल्या अधिवेशनात हाच प्रश्न आला होता, त्याचं उत्तर त्याच कचेरीतल्या त्याच कपाटात आहे, आणि कपाट उघडण्यापेक्षा ग्रुपवर संदेश टाकणं सोपं आहे. एवढ्यासाठी पन्नास मुलांचा गुणाकार अर्धा राहावा का?

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी एक फुकटातली सूचना आहे. निरंक अहवाल बंद करा. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, ज्या शाळेत सांगण्यासारखं काहीच घडलेलं नाही तिने "निरंक" असं लिहून नमुना भरून, सही-शिक्का मारून पाठवायचा असतो. शाळेत गळक्या खोल्या किती? निरंक. अनधिकृत बांधकाम? निरंक. शाळेत स्थलांतरित मुलं? निरंक. आणि ते वेळेवर आलं नाही तर स्मरणपत्र येतं, मग कारणे दाखवा नोटीस. काही नाही हे न सांगितल्याबद्दल खुलासा द्यावा लागतो. याऐवजी असा आदेश काढता येतो, की ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांनीच कळवावी, बाकीच्यांचं काही नाही असं समजलं जाईल. याला निधी लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही, एखाद्या जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी उद्या सकाळी हे करू शकतो. आज सभागृहात त्या खात्यातले काही जण आहेत. त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. मी मसुदा लिहून आणला आहे, एका पानाचा, एकाच प्रतीत.